मावशींनी न पुसलेली भिंत

इमारतीतली पोरं त्यांना पाठीमागे फिनाइलमावशी म्हणायची. मावशींना ते ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना रागही यायचा नाही. अठ्ठावीस वर्षं ज्या हातांना फिनाइलचा वास आहे, त्या हातांच्या बाईला गुलाबमावशी कोण म्हणणार? इस्पितळाच्या पुरुषांच्या वॉर्डात त्या कामाला होत्या. भांडी उचला, चादरी बदला, फरशी पुसा, कपाटं झटका, आणि हे सगळं सकाळी नऊच्या आत, कारण नऊला मोठ्या डॉक्टरांचा राउंड. राउंडला मावशींचा वॉर्ड म्हणजे आरसा. मोठे डॉक्टर दारातच थांबायचे, एकदा आत नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "छान." बस, एवढंच. त्या एका "छान"वर मावशी पुढचे चोवीस तास काढायच्या.

घरीही तोच खाक्या. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरची बसाय-झोपायची, आतली स्वयंपाकाची. कुणी येणार म्हटलं की मावशींच्या अंगात यायचं. दाराच्या कड्यासुद्धा घासल्या जायच्या. काका, म्हणजे मावशींचे यजमान, अशा वेळी खाटेवर पाय वर घेऊन बसायचे. पाय खाली सोडले तर तेही पुसले जातील, असं ते म्हणायचे आणि ते काही फार खोटं नव्हतं. काकांनी तीस वर्षं बेकरीत भट्टीवर काढली. पीठ आणि धूर छातीत साठवून घरी बसले. जिना चढून आले की पाच मिनिटं बोलणं बंद. एरवी मात्र गडी बोलका, आणि मावशींची टर उडवण्यात पटाईत.

ओल दिसली ती नेमकी काकांच्या उशाच्या भिंतीला. आधी नाण्याएवढी. मग बशीएवढी. मग तिला आकारच राहिला नाही, छतापासून खाटेच्या लोखंडापर्यंत ती उतरली आणि तिच्यावर काळे ठिपके धरले.

मालकांचं बाजारात चष्म्याचं दुकान होतं. गोड माणूस. चढा आवाज नाही, वाकडा शब्द नाही, "नाही" हा शब्द तर नाहीच. तुम्ही जाऊन सांगा, अहो, छप्पर कोसळलं, ते चष्मा पुसत मान हलवणार आणि म्हणणार, "हो हो, बघतो." सगळी इमारत त्यांना "बघतो" म्हणूनच ओळखायची. अख्ख्या गावाला दिसावं म्हणून चष्मे विकणाऱ्या ह्या माणसाला स्वतःच्या मालकीची एक भिंत दिसत नव्हती, आता बोला! भांडखोर माणूस परवडला. त्याच्याशी निदान भांडता तरी येतं. साखरेच्या भिंतीवर डोकं आपटून आपलंच कपाळ चिकट व्हायचं.

मावशी दर महिन्याला भाडं द्यायला गेल्या की सांगायच्या. दर महिन्याला उत्तर वेगळं आणि अर्थ तोच.

"हवाच दमट आहे हो यंदा, मावशी."

हवा कोरडी झाली. "तुम्ही खिडक्या उघड्या ठेवत नाही."

खिडक्या उघड्या ठेवल्या. "ओले कपडे घरात वाळत घालत असाल."

कपडे गच्चीवर गेले. "मग बघतो. माणूस गावाला गेलाय, आला की पाठवतो."

तो माणूस कुठल्या गावाला गेला होता देव जाणे. सव्वा वर्ष झालं तरी परतला नव्हता. खरं तर पाणी कुठून येतंय हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. मावशींच्या डोक्यावरची दुसऱ्या मजल्याची जागा रिकामी होती. आधीचे भाडेकरू गेल्यावर मालकांनी तिला कुलूप ठोकलं होतं आणि किल्ली दुकानाच्या खणात टाकली होती. त्या जागेची न्हाणी बरोबर ह्या भिंतीवर. रात्री गाव निजलं की भिंतीत टिप टिप ऐकू यायचं. मावशी स्वतः खर्चून माणूस आणायला तयार होत्या, पण कुलपाआड जायचं कसं?

"किल्ली तरी द्या," त्या एकदा म्हणाल्या.

मालकांनी खण उघडला, आतले चार कागद इकडचे तिकडे केले, खण लावला. "शोधून ठेवतो," ते म्हणाले.

तोवर मावशींनी त्यांना जमणारं केलं. रोज पहाटे कामावर जायच्या आधी खाट ओढायची, फिनाइलच्या पाण्यात फडकं पिळायचं आणि भिंत वरपासून खालपर्यंत पुसायची. सकाळी भिंत स्वच्छ. संध्याकाळी परत ठिपके. दुसऱ्या दिवशी पुन्हा फडकं. दीडेक वर्ष एक बाई भिंतीशी असं भांडत होती आणि ज्याची भिंत तो चष्मे विकत होता.

काकांचा खोकला आधी सकाळचा होता, मग सकाळ-संध्याकाळचा झाला. मावशींनी त्यांना आपल्याच इस्पितळात दाखवलं. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी नळी लावून ऐकलं, फोटो काढला, आणि औषध लिहिता लिहिता विचारलं, "घरी बुरशी आहे का कुठे?"

"आहे," मावशी म्हणाल्या. "पण मी रोज पुसते."

"पुसून काय होणार? ओल बंद करा, नाहीतर ह्यांना तिथून हलवा. छातीतलं जे गेलं ते परत येत नाही, मावशी. राहिलंय ते सांभाळायचं."

हलवा! कुठे हलवा? मुलीच्या घरी दोन खोल्यांत आधीच सहा डोकी. बाहेरच्या खोलीत एका भिंतीला दार, एकीला खिडकी, एकीला कपाट. खाट ठेवायला उरली ती हीच भिंत. आतल्या खोलीत ओटा, मोरी आणि एका माणसाला उभं राहण्यापुरती जागा. दुसरं घर बघायचं तर ह्या भाड्यात आता कुत्र्याचं घरसुद्धा मिळत नव्हतं. बोलणारं जग मोठं उदार असतं. घर बदला म्हणतं आणि आपल्या घरी जाऊन झोपतं.

शेजारच्या बिऱ्हाडात बसचा कंडक्टर राहायचा. त्याच्याही न्हाणीचं छत सुटत आलं होतं. तो म्हणाला, "मावशी, भाडं बंद करा. मी पण करतो. नाक दाबलं की तोंड उघडतं."

मावशींना ते पटलं. पण कुणाचं काही द्यायचं ठेवलं की त्यांना झोप लागत नसे, म्हणून त्या आधी पालिकेच्या कार्यालयात विचारायला गेल्या. घरांच्या तक्रारींची खिडकी तळमजल्याला होती. खिडकीत एक रोडकी बाई बसली होती, सर्दीने हैराण, पण कामाला चोख.

"भाडं अजिबात थांबवायचं नाही," ती म्हणाली. "थांबवलंत की तुम्हीच थकबाकीदार. मग भिंतीचं बाजूला राहील आणि तुम्हालाच घराबाहेर काढतील. मालकाला कळवलंय?"

"दीड वर्ष कळवतेय."

"लेखी?"

मावशींनी मान हलवली.

"एकही कागद नाही?"

"रोजची ओळख हो त्यांची. तोंडावर सांगत होते."

खिडकीतल्या बाईने नाक पुसलं. "तोंडी सांगितलेलं म्हणजे सांगितलंच नाही, मावशी. इथे तरी नाही. आता लिहा. काय बिघडलंय, कधीपासून, घरात आजारी माणूस आहे, डॉक्टरांची चिठ्ठी जोडा, भिंतीचे फोटो जोडा. दोन प्रती. एक त्यांना द्यायची, एकीवर त्यांची सही घ्यायची, म्हणजे ती पोच झाली. सही देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. तीस दिवस वाट बघा. नाही केलं तर इथे या, आमचा तपासनीस येऊन बघून जाईल. त्याने लिहिलं की मालकाला करावंच लागतं."

मावशी घरी आल्या त्या स्वतःवरच चरफडत. दीड वर्ष! दीड वर्ष त्या बोलल्या आणि ते सगळं बोलणं चष्म्याच्या दुकानातल्या पंख्याच्या वाऱ्याबरोबर उडून गेलं. काकांनी अर्ज सांगितला, मावशींनी लिहिला. काकांना त्यात मालकाच्या गोडपणावर एक परिच्छेद घालायचा होता. मावशींनी घालू दिला नाही.

मालकांनी अर्ज वाचला आणि त्यांचा चेहरा अगदी दुखावल्यासारखा झाला. "अहो मावशी, आपल्यात कागद कशाला? घरचे संबंध आपले."

"पोच द्या."

"बघतो की. ठेवून जा."

मावशी पोस्टात गेल्या.

तीस दिवस गेले. मालकांकडून ना माणूस आला ना किल्ली. एकतिसाव्या दिवशी मावशी खिडकीत हजर. तक्रार नोंदवली गेली आणि घरी चिठ्ठी आली: तपासनीस मंगळवारी सकाळी अकरा वाजता पाहणीस येतील.

इथवर सगळं बरोबर चाललं होतं. इथून पुढे जे झालं त्याला मालक जबाबदार नव्हते. ते मावशींनी आपल्या हाताने केलं, आणि ते त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणी केलंही नसतं.

पाहणीला साहेब येणार. हे तीन शब्द मावशींच्या कानात पडले आणि अठ्ठावीस वर्षांचं यंत्र आपोआप सुरू झालं. सोमवारी दुपारी कामावरून आल्या आल्या त्यांनी पदर खोचला. जाळी काढली, पंखा पुसला, कपाटातले डबे उतरवून परत लावले. खाटेवर धुवट चादर घातली, इस्पितळात घालतात तशी, कोपरे दुमडून. आणि मग भिंत. फडकं मारून भागेना म्हणून ब्रशने घासली. ठिपके गेले, पिवळट डाग राहिला. तो कसासाच दिसायला लागला. मावशी खाली जाऊन चुन्याची पुडी घेऊन आल्या.

"अगं, भिंत तरी राहू दे," काका म्हणाले. "तीच तर दाखवायचीय."

"दाखवायचीय म्हणून काय घाणेरडी दाखवायची? परका माणूस येणार. म्हणेल, ह्या बाईला घर ठेवता येत नाही, म्हणून बुरशी धरली."

मालक अगदी हेच म्हणत आले होते. काकांनी पाय वर घेतले. मावशींनी चुन्याचा हात मारला, समोर टेबलफॅन लावला आणि मंगळवारचे अकरा वाजेपर्यंत चालू ठेवला.

तपासनीस वेळेवर आला. मध्यमवयाचा, हातात फळी, फळीला कागद. त्याने खोलीत नजर फिरवली. भिंतीशी गेला, हात लावला, बोटं एकमेकांवर चोळून पाहिली.

"कुठंय ओल?"

"हीच की. इथून इथपर्यंत."

"थोडी दमट लागतेय." तो वाकला, वर पाहिलं, काहीतरी लिहिलं. "बुरशी म्हणालात ती?"

"ती येते. मी पुसते ना रोज."

"हं." त्याने आणखी दोन ओळी लिहिल्या आणि जाता जाता दारात थांबून म्हणाला, "घर मात्र छान ठेवलंय, बाई. आम्ही इतकी घरं बघतो, असं दिसत नाही."

आणि सांगायला लाज वाटते, पण मावशींचा चेहरा उजळला! त्या खुशीत त्यांनी काकांना चहा केला, दोनदा साखर विचारली. अहवालाची प्रत आठ दिवसांनी आली तेव्हा त्यांनी ती उभ्याउभ्याच वाचली. "भिंतीस किरकोळ दमटपणा. बुरशी आढळली नाही. खोली स्वच्छ व राहण्यास योग्य. तातडीच्या दुरुस्तीची गरज दिसत नाही."

मावशी खाटेवर बसल्या. मग त्यांनी स्वतःच्या कपाळावर तळहात मारला, एकदा नाही, तीन-चारदा. काकांना खोकल्याची उबळ आली म्हणून थांबल्या.

मालकांकडेही एक प्रत गेली होती. पुढल्या महिन्यात त्यांनी भाडं घेताना अत्यंत मायेने विचारलं, "मी म्हणत नव्हतो, मावशी? उगाच तुम्हाला हेलपाटे पडले." मावशींना त्या दिवशी काऊंटरवरचे सगळे चष्मे खाली ढकलून द्यावेसे वाटले. सत्तर-ऐंशी तरी असतील. त्यांनी मोजून पाहिले आणि घरी आल्या.

शहाणपण शिकवलं ते वॉर्डच्या सिस्टरने. वयाने मावशींच्या मुलीहून लहान, पण जिभेने तलवार. मावशींनी फरशी पुसता पुसता तिला सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली, मग तिने हातातला ट्रे खाली ठेवला.

"मावशी, राउंडच्या आधी मी सगळ्यांचे ताप उतरवून ठेवले आणि चार्ट कोरे ठेवले, तर मोठे डॉक्टर औषध कुणाला लिहितील?"

"कुणालाच नाही."

"मग? भिंतीचा ताप तुम्ही रोज उतरवताय. चार्ट कुठंय तुमच्याकडे?"

मावशींनी फडकं बादलीत टाकलं. इतकी साधी गोष्ट! त्यांनी अठ्ठावीस वर्षं खाटांच्या पायथ्याशी टांगलेले चार्ट पुसले होते, कोपरे सरळ केले होते. त्यात काय लिहितात आणि का लिहितात, हे कधी आपल्या घराला लावून पाहिलं नव्हतं.

त्या परत खिडकीत गेल्या. खिडकीतल्या बाईने दुसरी तक्रार नोंदवून घेतली, पाच आठवड्यांनंतरची तारीख दिली आणि बजावलं, "आता मात्र पुसू नका, मावशी."

पुसू नका म्हणणं सोपं आहे. भिंत पुसायची नाही म्हणजे बुरशी वाढू द्यायची. बुरशी वाढू द्यायची म्हणजे ती काकांच्या छातीत जाऊ द्यायची. पुसावं तर पुरावा जातो, न पुसावं तर माणूस जातो. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्हींवर मालकी त्या चष्मेवाल्याची. घरात राहायला भाडं भरणाऱ्या माणसावर असा विचार करायची वेळ यावी? मावशी दोन दिवस आतली खोली वितीवितीने मोजत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी आतल्या खोलीतलं धान्याचं पिंप कंडक्टरच्या दारात नेऊन ठेवलं, ओटा आणि मोरीच्या मधल्या पट्टीत गादी टाकली आणि काकांना आत नेलं.

"चला, बढती झाली," काका म्हणाले. "भट्टीवरून निघालो तो चुलीपाशी आलो."

मधलं दार बंद करून त्याच्या फटीत मावशींनी जुनं लुगडं कोंबलं. काका पाय लांब करू शकत नव्हते. मावशी स्वयंपाक करायच्या तेव्हा ते गादी गुंडाळून जिन्यात जाऊन बसायचे. बाहेर, त्या भिंतीखाली, आता मावशी झोपायच्या.

पाच आठवडे. मावशींच्या आयुष्यात तेवढं अवघड काम त्यांनी दुसरं केलं नसेल, आणि ते काम म्हणजे काही न करणं. पहाटे जाग आली की हात आपोआप फडक्याकडे जायचा. त्यांनी फडकी शेजारी देऊन टाकली. भिंत काळी झाली, मग हिरवट झाली, मग तिच्यावर लव धरली. चुना फुगून पोपडे पडायला लागले. रोज सकाळ-संध्याकाळ त्या हाताची वीत लावून डाग मोजायच्या आणि सिस्टरने आणून दिलेल्या कोऱ्या चार्टवर लिहायच्या: तारीख, वेळ, किती वीत, पाणी टिपकतंय की नाही, काकांना खोकल्याच्या उबळी किती. शेजारी त्या दिवशीचं वर्तमानपत्र धरून मोबाइलवर फोटो काढायच्या. चार्ट खाटेच्या पायथ्याला टांगलेला. कुणी अचानक घरी आलं की मावशी दारातच उभ्या राहून बोलायच्या, आत घ्यायच्या नाहीत. खालच्या मजल्यावरची शिवणवाली एकदा हट्टाने आत शिरली आणि भिंत बघून तिने तोंडावर हात ठेवला. मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तिच्यामुळे एक बरं झालं. तिच्या मोरीतही पाणी तुंबत होतं, आणि कंडक्टरचं छत होतंच. तिघांनी मिळून तक्रारीला जोडपत्र दिलं. एकाला "बघतो" म्हणणं सोपं असतं, तिघांना जरा जड जातं.

तारखेच्या आदल्या दिवशी मावशी कामावर जादा पाळी करून आल्या. घरी राहिल्या असत्या तर हात राहिले नसते, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

तपासनीस तोच आला. दारातून आत पाऊल टाकलं आणि त्याने रुमाल नाकाला लावला. मावशी मान खाली घालून कोपऱ्यात उभ्या. वॉर्डात राउंडच्या वेळी कुणी घाण करून ठेवली तर आयाला उभं करतात, अगदी तशा.

"बाई, दोन महिन्यांत इतकं झालं?"

"दीड वर्ष झालंय. मागच्या वेळी मी पुसलं होतं."

"का पण?"

"तुम्ही येणार होतात म्हणून."

मग पायथ्याचा चार्ट काढून त्याने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, फोटो पाहिले, आतल्या खोलीत डोकावला. तिथे काका ओट्याला टेकून बसले होते. तपासनीसाने वाकून विचारलं, "आजोबा, कसं आहे?" काकांनी हाताने "ठीक" अशी खूण केली. त्या वेळी मात्र तो काहीही बोलला नाही, छान नाही की वाईट नाही. दोन पानं भरून लिहिलं आणि गेला. मालकांना आदेश निघाला: पंधरा दिवसांत गळती बंद करा, भिंत दुरुस्त करा, नाहीतर पालिका करील आणि वसूल तुमच्याकडून करील.

बाराव्या दिवशी मालकांचा माणूस खरोखर आला. खांद्यावर शिडी, हातात पांढऱ्या रंगाची बादली.

"कोण तुम्ही?"

"रंगारी. मालकांनी पाठवलंय, भिंत मारून द्या म्हणाले. दोन हात मारतो, कोरी करकरीत होईल."

मावशी उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. कोरी करकरीत! पाच आठवडे त्या भिंतीपुढे ज्यांनी आपले हात आवरून धरले होते त्यांना हा बाबा भिंत पांढरी करून देणार होता, आणि त्यांना नको म्हणायचं होतं. "रंग नको," त्या म्हणाल्या, आणि आवाज इतका चढला की कंडक्टर बाहेर आला. "मालकांना सांगा, पाइप आधी. वरचं कुलूप उघडा. रंगाचा एक थेंब ह्या भिंतीला लागला तर मी बादली घेऊन दुकानात येईन."

रंगारी गरीब माणूस, त्याचा काय दोष? तो शिडी घेऊन उतरला. मावशींनी त्याच दिवशी खिडकीत जाऊन तेही लिहून दिलं, आणि पोच घेतली.

पंधराव्या दिवशी प्लंबर आला. त्याच्या हातात किल्ली होती. ती शोधायला दीड वर्ष लागलेली किल्ली एका सुतळीत ओवलेली होती आणि तिला चिठ्ठी होती: दुसरा मजला. तो वर गेला. ठोकाठोकीचा आवाज आला. मावशी भिंतीला कान लावून उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने टिप टिप थांबलं.

पाऊण तासात तो खाली आला आणि त्याने मूठ उघडली. तळहातावर रबराचा एक कुजका वायसर होता.

"हा बघा, मावशी. नळाच्या जोडातला वायसर सडला होता. दुसरं काही नाही. भिंत आता आपोआप वाळेल, दोनेक महिन्यांत." मग सहज म्हणाला, "इतकंसं काम. आधी सांगायचं ना. इतकं वाढू कशाला दिलंत?"

कुठून सुरुवात करणार? मावशींनी त्याच्या हातातला वायसर उचलला. प्लंबरने खिशातून मालकांनी दिलेला कागद काढला. पालिकेत द्यायचा होता, भाडेकरूच्या सहीचा. त्यावर आधीच सगळं छापून आणलेलं: भाडेकरूच्या तक्रारीचं पूर्ण निवारण झालेलं आहे.

"इथे सही करा."

"थांबा," मावशी म्हणाल्या आणि फटीतलं लुगडं काढून आतल्या खोलीत गेल्या.

काका गादीवर बसले होते. दोन महिन्यांत त्यांना बसूनच झोपायची सवय झाली होती. आडवं झालं की दम लागायचा. मावशींनी वायसर त्यांच्या हातावर ठेवला. "हे होतं," त्या म्हणाल्या. "एवढ्याशासाठी."

काकांनी तो उलटासुलटा करून पाहिला, खिडकीच्या उजेडात धरला. त्यांच्या डोळ्यांत ती नेहमीची चमक आली. काहीतरी भारी सुचलं होतं, बघतोसाहेबांवरच असणार. त्यांनी श्वास घेतला, पहिला शब्द आला, मग खोकला आला. बराच वेळ आला. मावशी पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिल्या. खोकला थांबल्यावर काकांनी नुसता हात हलवला. राहू दे.

मावशी बाहेर आल्या. प्लंबरच्या हातातून पेन घेतलं, कागद खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, "पूर्ण" हा शब्द खोडला, आणि मग सही केली.